धरनाराकडे देख

मे महिन्यात अमळनेरात रात्री झोपणं हे एक कामच असतं. कूलर लावला तर त्याच्या आवाजात टीव्हीचे डायलॉग ऐकू येत नाहीत, बंद केला तर उशी घामाने ओली, आणि मध्येच लाईट गेली की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. तर अशाच एका रात्री मला शोध लागला की उन्हाळ्यात बघायला मूकपटच बेस्ट. डायलॉगच नाहीत, कूलरने काय बोंबलायचं ते बोंबलावं.

पिक्चरचं नाव 'व्हारिएटे'. जर्मन, १९२५ चा. व्हारिएटे म्हणजे तिकडचा तो प्रकार, एकाच स्टेजवर जादूवाला येतो, मग नाचणारी येते, मग कोणी बरण्या तोलतो, मग झुल्यावरचे कसरतवाले. आपल्याकडे सांगायचं तर सर्कस आणि तमाशाचा फड यांच्या मधलं काहीतरी. मी खरं तर दुसरंच काहीतरी शोधत होतो, हा मध्ये आला, थंबनेलवर एक आडदांड माणूस पाठमोरा उभा, पाठीवर २८ आकडा, म्हटलं पाच मिनिटं बघू. रात्री दोन वाजेपर्यंत बघत बसलो.

नावं एकदाची लिहून टाकतो म्हणजे पुढे अडखळायला नको. दिग्दर्शक ई. ए. डुपों, आधी हा सिनेमाचा समीक्षक होता. निर्माता एरिक पोमर, कंपनी उफा. कॅमेरा कार्ल फ्रॉइंड. हिरो (याला हिरो म्हणावं की नाही हाच पुढचा सगळा घोळ आहे) एमिल यानिंग्स, हिरॉइन लिया द पुत्ती, आणि तिसरा वॉरविक वॉर्ड नावाचा इंग्लिश नट, जो असा गुळगुळीत दिसतो की पहिल्याच सीनला कळतं, याला घरात घेऊ नये.

गोष्ट मी पहिल्यांदा बघितली ती अशी. तुरुंगात एक कैदी आहे, नंबर २८. दहा वर्षं गप्प. तुरुंगाचा साहेब त्याला बोलतं करतो आणि मग फ्लॅशबॅक. हा बॉस हुलर. हा आणि त्याची बायको बर्टा-मारी बर्लिनच्या जत्रेत झुल्यावर खेळ करतात. आर्टिनेली म्हणून मोठा नावाजलेला कसरतपटू आहे, त्याचा जोडीदार पडून जखमी झालाय, त्याला नवीन माणसं पाहिजेत. तो या दोघांना उचलतो, तिघं मिळून 'थ्री आर्टिनेलीज' होतात आणि बर्लिनच्या विंटरगार्टनसारख्या टॉपच्या थिएटरात झळकतात. मग आर्टिनेली बायकोला नादी लावतो. बॉसला सगळ्यात शेवटी कळतं, तेही कसं, तर कॅफेतल्या संगमरवरी टेबलावर कोणीतरी पेन्सिलीने या तिघांचं चेष्टेचं चित्र काढून ठेवलेलं असतं. अख्ख्या गावाला माहिती, नवऱ्यालाच नाही. मग खून.

म्हणजे बिचारा साधा नवरा, बदफैली बायको, लफंगा मित्र. आपल्याकडच्या वगात हेच असतं, फक्त मध्ये सोंगाड्या असतो. मी आपला बॉसच्या बाजूने. यानिंग्स तसा रडवतोच. एवढा रेड्यासारखा माणूस, आणि बायकोचे मोजे हातात सुई घेऊन शिवत बसतो, तिच्याकडे बघताना चेहरा असा ओघळतो की आपल्यालाच लाज वाटावी.

दुसऱ्या दिवशी रविवार, शेवभाजी होती, जेवताना नानांना स्टोरी सांगितली. नाना म्हणजे माझे वडील, आता अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर वायरमनचं काम केलं, मांडव, यात्रा, लग्नं, जिथे तात्पुरती लाईन ओढायची तिथे नाना. नाना घरात अहिराणीच बोलतात आणि स्टोरी ऐकताना मध्ये कधीच बोलत नाहीत, सगळं संपल्यावर एकच प्रश्न विचारतात आणि तो नेमका आपल्याला न सुचलेला असतो. त्या दिवशी रश्शात भाकरी चुरताचुरता विचारलं, "तिघासमा धरनारा कोन व्हता?"

मी म्हटलं बॉस. म्हणजे ज्याची बायको, तोच. तो गुडघ्यांनी उलटा लटकतो आणि आर्टिनेली हवेत कोलांटी मारून त्याच्या हातात येतो.

नानांनी घास थांबवला. "रोज?"

रोज. दोन-दोन खेळ असले तर दोनदा.

आणि तेव्हा मला कळलं की हा पिक्चर थ्रिलर का आहे. रात्री बघताना मी चाकू कधी निघतो याची वाट बघत होतो. पण चाकू तर एकदाच निघतो. त्याच्या आधी, त्याला कळल्यानंतरच्या त्या खेळात, ज्या माणसाने तुझं घर फोडलं तोच माणूस शेकडो लोकांसमोर हवेतून तुझ्या हातात येतोय आणि तू फक्त बोटं जरा सैल सोडायचा अवकाश. कोणी खून म्हणणार नाही, अपघात म्हणतील. पुरावा नाही. पिक्चरमध्ये बॉसच्या मनात ते येतंही, तो सोडतो आणि आर्टिनेली पडतो असं आपल्याला दाखवतात, आणि मग कळतं की ते फक्त त्याच्या डोक्यात झालं. खऱ्या खेळात तो धरतो. ज्याला मारायचंय त्याला धरतो! का? मी रात्री म्हणत होतो चांगला माणूस म्हणून. नाना म्हणाले तसं नाही, धरणाऱ्याचा हात सोडत नाही, हाताला सवय असते, डोकं काहीही म्हणो.

नानांना हे कसं माहिती, त्यासाठी यात्रेचं सांगावं लागेल.

सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते, बोरी नदीच्या पात्रात. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. नदी तेव्हा नावालाच असते, सगळी वाळू, त्या वाळूत आकाशपाळणे, मौत का कुआं, रसवंत्या, भांड्यांची दुकानं, गोडीशेवचे डोंगर. आणि काही वर्षं सर्कस पण यायची. मी चौथीत होतो त्या वर्षी आली होती, नाव लिहीत नाही, मोठी नव्हती, एक म्हातारा सिंह, दोन उंट आणि झुले. लाईन नानांनी दिलेली, म्हणून आम्हाला फुकट. रात्रीचा खेळ बघताना मी तोंड वर करून त्या उडणाऱ्या मुलीकडे बघत होतो, चमकणारे कपडे, वय कदाचित माझ्या मोठ्या बहिणीएवढंच असेल, तेव्हा चालायचं, सर्कशीत मुलांना ठेवायला सुप्रीम कोर्टाची बंदी आली ती २०११ ला. तर मी तिच्याकडे बघतोय आणि नाना कानाशी म्हणतात, "उडनारा तं बठ्ठासले दिसस. धरनाराकडे देख." (उडणारा तर सगळ्यांना दिसतो, धरणाऱ्याकडे बघ.)

मग बघितलं. समोरच्या झुल्यावर एक काळा, जाडसर माणूस, साधी बनियन, कसलीही चमक नाही. गुडघे दांडीत अडकवलेले, पाय दोराला वेटोळे घालून, डोकं खाली. तो आधीपासून झोके घेत होता, सारखे, घड्याळाच्या लंबकासारखे, आणि मध्येच "हप" असं काहीतरी ओरडला की ती मुलगी फळीवरून सुटायची. म्हणजे कधी उडायचं हे पण तोच ठरवत होता. टाळ्या मात्र तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना फ्यूज बघायला गेले तेव्हा मला घेऊन गेले. तंबूच्या मागे तो माणूस बादलीत कपडे धूत बसला होता. केरळचा होता, थलासेरीकडचा, हे नाना नंतर कित्येक वेळा सांगायचे. (थलासेरी म्हणजे आपल्याकडच्या सर्कशीचं माहेर. सर्कस सुरू केली आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० ला, ग्रेट इंडियन सर्कस. पण कसरतवाले घडवले थलासेरीच्या कीलेरी कुन्हीकन्नन मास्तरांनी. काढली मराठी माणसाने, चालवली मल्याळी लोकांनी, असं बऱ्याच गोष्टींचं होतं.) मी त्याच्या मनगटांकडे बघत होतो. कापडाच्या पट्ट्या गुंडाळून गुंडाळून तिथली कातडी गुळगुळीत झाली होती, केस नव्हते, आणि मनगट माझ्या पोटरीएवढं. नानांनी त्याला सांगितलं पोराला बघायचंय. त्याने साबणाचा हात लुंगीला पुसला आणि पुढे केला. मी हँडशेक करतात तसा पंजा धरला. तो हसला, म्हणाला, "हाथ नहीं, कलाई." आणि माझं मनगट धरलं, मग माझी बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. मनगटाला मनगट. पंजा घसरतो, मनगट घसरत नाही, आणि एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची असते. मग त्याने बसल्या बसल्या मला तसंच वर उचललं. दोन्ही पाय वाळूवरून सुटले. मला तो चटका अजून आठवतो, वाळूचा नाही, वाळू सुटल्याचा.

असो. तर नाना म्हणाले मला बघायचाय तो पिक्चर.

आता गंमत अशी झाली की नानांसाठी जरा चांगली प्रिंट शोधायला गेलो, कारण मी फोनवर बघितलेली प्रिंट म्हणजे पावसात शूट केल्यासारखी होती, आणि शोधता शोधता कळलं की मी बघितला तो पिक्चर अर्धवट होता. खराब नव्हे, अर्धवट. मुद्दाम कापलेला. १९२६ ला पॅरामाउंटने हा अमेरिकेत रिलीज केला तेव्हा सुरुवातीचा अख्खा भागच उडवला होता, तिकडच्या सोवळ्या लोकांना झेपला नसता म्हणून. पूर्ण पिक्चर जर्मनीतल्या मुर्नाऊ फाउंडेशनने आणि ऑस्ट्रियाच्या फिल्म अर्काइव्हने दुरुस्त करून २०१५ ला आणला. तो पेनड्राइव्हवर घेतला, बाजेवर नानांना उशा लावून दिल्या, कूलरचं तोंड त्यांच्याकडे केलं आणि लावला.

आणि यार, पूर्ण पिक्चर ही वेगळीच गोष्ट आहे.

बर्टा-मारी बॉसची बायको नाहीच. बायको वेगळी आहे. हॅम्बुर्गच्या बंदरावरच्या वस्तीत, झगमगीत पण फाटक्या अशा करमणुकीच्या गल्लीत बॉसचा एक तंबू आहे, त्यात थकलेल्या बाया नाचतात, दारुडे खलाशी बघतात. बॉस एकेकाळचा झुलेवाला, पडला म्हणून सोडलं. घरात बायको आहे, संसाराने ओढलेली, चेहऱ्यावरची रया गेलेली (माली डेलशाफ्ट नावाची नटी, सीन थोडे आहेत पण माझ्या डोक्यातून जात नाही), आणि पाळण्यात बाळ. मग एक खलाशी एका पोरीला घेऊन येतो, तिचं कोणी नाही, जहाजावरून आणलेली, जहाजाचं नाव बर्टा-मारी म्हणून हिचंही नाव तेच. ती नाचते. बॉस बघतो. आणि एक दिवस बायको-बाळ टाकून तिच्याबरोबर निघून जातो.

अमेरिकन कात्रीने एवढंच कापलं आणि काय झालं बघा. पळून गेलेला माणूस फसवला गेलेला नवरा झाला. निराधार पोरगी, जी एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे दिली जातेय, ती कुलटा झाली. आणि जी खरी बायको होती ती पिक्चरमधूनच गायब. लोकांच्या नीतीला धक्का लागू नये म्हणून कापलं म्हणे, आणि कापल्यावर जी गोष्ट उरली ती जास्त अनैतिक आहे असं माझं मत. पहिल्या रात्री मी ज्याच्यासाठी हळहळलो तो माणूसच कोणीतरी एडिटिंगच्या टेबलावर बनवलेला होता. मला फसवल्यासारखं वाटलं, म्हणजे खरंच राग आला, शंभर वर्षांपूर्वीच्या कात्रीचा राग.

नानांना मी काही सांगितलं नव्हतं आधी. ते नुसते बघत होते. बॉस जेव्हा कॅफेतलं ते चित्र बघतो आणि त्याचा चेहरा कोसळतो, तेव्हा मी नानांकडे बघितलं, म्हटलं आता त्यांचे डोळे भरले असणार, मला तर भरून आलं होतं ना पहिल्यांदा. नाना टीव्हीकडे हात करून म्हणाले, "पोरले सोडीसन ऊना ना हाऊ? मंग आते कसाले रडस?" (पोराला सोडून आला ना हा? मग आता कशाला रडतो?)

मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "मंग हाऊ कसाना धरनारा?"

मी गप्प. त्याच वाक्यावर मी नंतर दोन दिवस होतो. आख्ख्या पिक्चरमध्ये तो आर्टिनेलीला एकदाही सोडत नाही, आणि पहिल्या वीस मिनिटांत त्याने जे सोडलं ते कोणाला दिसू नये याची व्यवस्था अमेरिकेने केली होती.

कॅमेऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कार्ल फ्रॉइंड म्हणजे येडा माणूस. याच्या आदल्या वर्षी यानिंग्सच्याच एका पिक्चरला याने कॅमेरा स्वतःच्या पोटाला बांधून, सायकलवर बसून शूट केलेलं, इथे त्याने कॅमेरा झुल्यावर चढवला. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी-लोखंडी पेटी, हाताने फिरवायची. विंटरगार्टनच्या सीनमध्ये आपण प्रेक्षक म्हणून बसलेलो नसतो, आपण झुल्यावरच असतो, खाली लोकांच्या तोंडांचा समुद्र येतो आणि जातो, येतो आणि जातो, छताचे दिवे तारे तुटल्यासारखे रेघा ओढतात. मला अक्षरशः पोटात गोळा आला, फोनवर एवढा आला नव्हता. एका ठिकाणी तर पडदा भरून नुसते डोळेच डोळे आहेत, प्रेक्षकांचे, एकमेकांवर चढलेले. ते बघून मला यात्रेतली आमचीच तोंडं आठवली. आपण सर्कशीत कशाला जातो हे त्या एका शॉटमध्ये आहे, आणि ते फार काही चांगलं नाहीये. कोणी पडावं असं आपल्याला वाटत नसतं, पण कोणी पडणारच नाही अशी गॅरंटी असती तर तिकीट कोणी काढलं असतं?

आमच्या खान्देशात असा प्रकाशाचा वेडा एकच होऊन गेला, चाळीसगावचे केकी मूस, स्टेशनजवळच्या बंगल्यात वर्षानुवर्षं स्वतःला कोंडून घेऊन टेबलावर छोटी छोटी दुनिया मांडून फोटो काढणारे. फ्रॉइंड त्यांना भेटला असता तर दोघं बोलले नसते बहुतेक, नुसते दिवे सरकवत बसले असते. फ्रॉइंड पुढे हॉलिवुडला गेला, भुताखेतांचे पिक्चर केले, आणि म्हातारपणी टीव्हीच्या विनोदी मालिकांना तीन कॅमेरे एकदम लावून शूट करायची पद्धत बसवून दिली, जी आजपण चालते. म्हणजे आई जी सिरियल बघते तिच्यात पण याचा हात.

विंटरगार्टनची अजून एक गोष्ट मला फार आवडली. ते खरं थिएटर होतं बर्लिनचं, आणि तिथेच १ नोव्हेंबर १८९५ ला स्क्लादानोव्स्की नावाच्या दोन भावांनी तिकीट लावून हलती चित्रं दाखवली होती, पॅरिसच्या ल्युमिएर बंधूंच्या त्या प्रसिद्ध खेळाच्या जवळपास दोन महिने आधी. आणि ती चित्रं काय होती, तर कसरती करणारं कुटुंब, बॉक्सिंग करणारा कांगारू, असले व्हारिएटेचेच आयटम. म्हणजे सिनेमा हा तिथे कसरतवाल्यांच्या मधला एक आयटम म्हणून आला, जसा आमच्याकडे यात्रेत तमाशाच्या तंबूशेजारी टुरिंग टॉकीजचा तंबू असायचा. तीस वर्षांनी तोच सिनेमा त्याच स्टेजवरच्या कसरतवाल्यांची गोष्ट सांगायला आला. १९४४ ला बॉम्बिंगमध्ये ते थिएटर गेलं.

झुल्यावाल्यांच्या खऱ्या आयुष्यात असलं काही होतं का, असं बायकोने विचारलं (ती अर्ध्यातून येऊन बसली होती, मटार सोलत). होतं. पिक्चरपेक्षा भयंकर होतं. आल्फ्रेडो कोडोना म्हणून त्याच काळातला जगातला सगळ्यात मोठा उडणारा, हवेत तीन कोलांट्या मारून धरणाऱ्याच्या हातात जायचा, आणि धरणारा कोण, तर सख्खा भाऊ लालो. आल्फ्रेडोची बायको लिलियन लाइट्झेल, तीही दोरावरची मोठी स्टार. १९३१ ला कोपनहेगनला खेळ चालू असताना तिच्या दोराची कडी तुटली, ती पडली आणि दोन दिवसांनी गेली. याने पुढे परत लग्न केलं, मग खांद्याला दुखापत होऊन उडणं बंद झालं, संसार मोडला, आणि १९३७ ला वकिलाच्या ऑफिसात त्याने घटस्फोटित बायकोला गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही. बायको म्हणाली, "बास, जेवणाच्या आधी नको." बरोबर आहे तिचं.

बाकी या पिक्चरवाल्यांचंही काही धड झालं नाही. लिया द पुत्ती १९३१ ला न्यूयॉर्कमध्ये वारली, घशात कोंबडीचं हाड अडकलं, ते काढायच्या ऑपरेशननंतर. वय तिशीच्या आसपास. डुपों ज्यू होता, हिटलर आल्यावर तो अमेरिकेतच राहिला, पण असा पिक्चर त्याच्याकडून परत झाला नाही. यानिंग्सला बेस्ट अ‍ॅक्टरचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळालं १९२९ ला, बोलपट आल्यावर तो जर्मनीला परतला आणि पुढे नाझींसाठी पिक्चर करत बसला, मग युद्ध संपल्यावर त्याला कोणी उभं केलं नाही. पाठीनेसुद्धा अभिनय करणारा माणूस. सुरुवातीला डुपोंने कितीतरी वेळ त्याचा चेहराच दाखवलेला नाही, फक्त ती रुंद पाठ आणि २८ आकडा, आणि त्या पाठीवरूनच कळतं की हा माणूस आतून संपलाय. एवढी ताकद असलेल्या माणसाने पुढे काय केलं हे माहिती असलं की पिक्चर बघताना मध्येच जरा कडू लागतं. तरी बघवतंच.

खुनाच्या सीनला मात्र नाना पुढे सरकून बसले. हॉटेलची खोली. बॉस वाट बघत बसलाय. आर्टिनेली येतो. बॉस दोन चाकू ठेवतो, एक तुझा एक माझा, म्हणजे खुनातसुद्धा जोडीदाराला बरोबरीचा हक्क, सर्कशीचा नियम. झटापट होते आणि दोघं खाली जातात, फ्रेमच्या बाहेर. पडद्यावर रिकामी खोली. मग खालून एक हात वर येतो, चाकू धरलेला, आणि तो हात हळूहळू ढिला पडतो, बोटं उघडतात, चाकू सुटतो. मग बॉस उठतो. रक्त नाही, किंचाळी नाही (मूकपट आहे, असणार कशी), फक्त एक पकड सुटताना दाखवलीय. मग तो जाऊन हात धुतो. नीट, सावकाश.

बर्टा-मारी त्याच्या पायाला, अंगाला लोंबकळते, तो चालतच राहतो, ती जिन्यावरून गडगडत खाली जाते, तो वळून बघत नाही. हा सीन बघून नाना म्हणाले काहीच नाही, फक्त च्यक केलं. मला ते च्यक कोणासाठी होतं ते कळलं नाही, विचारलं पण नाही. बॉस सरळ जाऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. मग परत तुरुंग, साहेब, आणि शेवटी दार उघडतं.

पिक्चर संपला तेव्हा साडेदहा झाले होते. तेवढ्यात लाईट गेली, कूलर घरघरत बंद पडला, आणि एकदम इतकी शांतता की बाहेरच्या रस्त्यावरची कुत्री ऐकू आली. अंधारात आम्ही बसून होतो. मी वाट बघत होतो नाना शेवटाबद्दल काय विचारतात त्याची, म्हटलं विचारतील आता हा कुठे जाईल, बायको घेईल का घरात, बाळ केवढं झालं असेल. मी उत्तर पण तयार करत होतो.

दहा-पंधरा मिनिटांनी लाईट आली. टीव्ही परत सुरू केला.

"पुन्हा लाव," नाना म्हणाले, "ते झुलावालं. त्या थेटरमा वरतून दोर कोठे बांधेल शे ते देखू दे."